फक्त कळवावे

शुक्रवारी चहा झाला की घरचा निकाल सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा, असा त्या कार्यालयाचा रिवाज होता. ग्राहकाच्या कारखान्यात ‘पोकळी’ ही आपली मोजणी-यंत्रणा बसवायच्या आधी ती महिनाभर स्वतःच्या घरात बसवायची. आपल्या घरात जे सोसवत नाही ते दुसऱ्याच्या माथी मारू नये, एवढाच त्यामागचा विचार. पण लोक त्या वाचनाची वाट बघायचे ती गंमत म्हणूनच. मागच्या वेळी तुषार सरांच्या घरात सगळ्यांत महत्त्वाचा सदस्य त्यांचा कुत्रा निघाला होता, आणि तेव्हापासून सर कुत्र्याविषयी जरा आदरानं बोलत.

या शुक्रवारी पाळी मृणालची होती. ओवीच्या दाढा येत होत्या, त्यामुळे आठवडाभर झोपेचं खोबरं झालेलं. डोळे चोळत ती उभी राहिली.

“ओवी सातपुते, वय चौदा महिने,” तिनं वाचलं. “भूमिका, ठरवणार.”

हशा पिकला. “बरोबर आहे,” अद्वैत म्हणाला. तो तिच्याहून दोन वर्षांनी कनिष्ठ आणि अविवाहित, म्हणजे पूर्ण झोप झालेला. “आमच्या ताईकडे पण तेच सरकार आहे.”

“निनाद, नवरा. विचारावे.” निनाद साक्रीजवळ पवनचक्क्यांच्या देखभालीवर होता, एकाआड एक शनिवारी घरी यायचा. त्याला फोनवर विचारलं जायचं, हे खरंच होतं. “सुमन सातपुते, सासूबाई. ओढणार. पोकळी, शंभरात एक्क्याण्णव.”

कुणीतरी शीळ घातली. एवढा मोठा आकडा कुणाच्याच घरी आला नव्हता.

“आणि तुम्ही?” अद्वैतनं विचारलं.

मृणालनं पुढची ओळ आधी मनात वाचली. “मी,” ती म्हणाली, “कळवावे.”

“फक्त कळवावे?”

“फक्त कळवावे. पोकळी, चार.”

सगळे हसले, तीही हसली. मग सरांनी विषय पिंपळगावच्या द्राक्षांकडे नेला.

पोकळीचं शास्त्र तसं सोपं. एखाद्या ठिकाणी काही बदल करायचा म्हटला की पहिला प्रश्न असतो, यात कुणाकुणाचं काय अडकलंय? कोण ठरवतं, कोण गाडा ओढतं, कुणाला विचारायला हवं, कुणाला नुसतं कळवलं तरी चालतं? पूर्वी हे शोधायला विश्लेषक लोकांमध्ये जाऊन बसायचे, बोलायचे, काम बघत उभे राहायचे, भिंतीवर कागद चिकटवून एकात एक वर्तुळं काढायचे. त्या आकृतीला जगभर कांदाच म्हणतात, त्यामुळे नाशिकच्या ग्राहकांना ती निदान समजावून सांगावी लागायची नाही. पण या सगळ्याला आठवडेच्या आठवडे जायचे, आणि माणसं खरं बोलतीलच असंही नाही.

पोकळी कुणाला काही विचारतच नाही. फोन, दारं, विजेचा वापर, आवाजाची पातळी (शब्द नाहीत, फक्त पातळी) या सगळ्यांवर ती नजर ठेवते आणि माणूस गैरहजर राहण्याची वाट बघते. कुणाला सर्दी होते, कुणाची बस चुकते, कुणी लग्नाला जातं. निसर्गानं फुकटात करून दिलेला तो प्रयोगच. अमुक माणूस नव्हता त्या दिवशी बाकीच्यांचा दिवस किती विस्कटला? कोण धावलं, कोण रडलं, काय अडलं? शेकडो अशा लहानसहान गैरहजेऱ्या एकमेकींशी ताडून पाहिल्या की प्रत्येकाच्या नसण्याचं माप हाती येतं. त्या मापावरून भूमिका ठरते.

हे सगळं मृणाल ग्राहकांना झोपेतसुद्धा समजावून सांगू शकली असती. त्या दुपारी स्टेशनरीच्या खोलीत कडी लावून, दूध काढायचं यंत्र छातीशी धरून ती बसली, तेव्हा मात्र एवढंच डोक्यात फिरत होतं की मी घरी नसले तर माझ्या लेकीचा दिवस शंभरात चार विस्कटतो. म्हणजे विस्कटतच नाही.

मोकळ्या हातात फोन होता. निकालाखाली पोकळीनं लिहिलं होतं, ‘संपूर्ण घर एका व्यक्तीवर अवलंबून. ही व्यक्ती बहुतेक गुरुवारी संध्याकाळी अनुपस्थित. त्या वेळी बालकाचे रडणे तिप्पट. सुचवलेले उपाय लागू करावेत का?’

गुरुवारी संध्याकाळी? भाजीला जात असतील. आई, म्हणजे सासूबाई, भाजीला जातात तेव्हा ओवी समोरच्या परवीनभाभींकडे असते आणि सगळा मजला डोक्यावर घेते, हे मृणालनं ऐकलं होतं. उपाय म्हणजे एखादं पाळणाघर सुचवेल, नाहीतर भाजी घरपोच मागवेल. दूध सांडू नये म्हणून बाटली सांभाळत तिनं अंगठ्यानं ‘हो’ दाबलं आणि विसरून गेली.

द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला. पिंपळगावच्या त्या पॅकहाऊसला नवी शीतसाखळी बसवायची होती, म्हणजे घड ऊन चढायच्या आत गार करायचे होते, आणि त्यासाठी सकाळी आठची पाळी पहाटे चारवर आणायची होती. या बदलात कुणाचं काय अडकलंय ते मृणालनं शोधायचं. पोकळी तिथं बसवून झाली होती. ती आकडे गोळा करत होती, आणि मृणाल सकाळी ओवी उठायच्या आत बाहेर पडून संध्याकाळी सातला घरी येत होती. दार उघडताना आतून आईंचा आवाज यायचा. त्या साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं खेळाच्या बाई होत्या. नातीला भरवतानाही त्या कवायत घेतल्यासारख्या बोलत, “तोंड उघड! शाबास. गिळ! पुढचा घास, सावधान!” ओवीला तेच आवडायचं. मृणालला बघून ती हसायची आणि परत आजीकडे वळायची.

एका गुरुवारी पिंपळगावची बैठक रद्द झाली आणि मृणाल चारलाच घरी पोहोचली. हॉलमध्ये पाण्याचं यंत्र दुरुस्त करणारा माणूस पसारा मांडून बसला होता. आई सोफ्याच्या कडेला, मांडीवर ओवी, अंगात सलवार-कमीज, पायात बूट. खेळायचे बूट. नाड्या घट्ट बांधलेल्या.

“कुठे निघाला होतात?”

“कुठे नाही गं.” त्यांनी पाय सोफ्याखाली ओढून घेतले. “दर गुरुवारी काहीतरी येतंच बघ. मागच्या गुरुवारी गॅसवाला. त्याच्या आधी हिची लस. आज हा.”

मृणाल ओवीला घेऊन आत गेली, कपडे बदलायला. यंत्रवाला गेला आणि थोड्या वेळानं हॉलमध्ये फोन वाजला. आई फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावून बोलत, मैदानाच्या पलीकडे ऐकू जायला हवं असं.

“बाई, मी कल्पना. तुमचा नकार वाचला हो मी.” कुणीतरी जुनी विद्यार्थिनी असावी. “पण एकदा विचार करा ना. मुलींच्या पायात काय वेग आहे बाई! नुसत्या सुटतात. पण खुंटाशी वळताना मार खातात. आमच्या आश्रमशाळेत कुणाला खो-खोचं ओ की ठो कळत नाही. सहा महिने द्या फक्त. राहायची सोय आहे.”

“नाही जमायचं कल्पना.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, सूनबाईंशी बोलते.”

“काय बोलू? अगं, इथे कोपऱ्यावरच्या मैदानात चार पोरींना आठवड्यातनं एकदा पळवत होते मी. तेही महिन्याभरात एकदा जमलं नाही. दर वेळी घरात काहीतरी उपटतंच. दोन तास निघत नाहीत, सहा महिने कुठनं काढू? आता वय झालं म्हणायचं नि गप बसायचं.”

मृणाल पलंगावर बसली. फोन काढला, घरच्या नोंदी उघडल्या. गॅसची टाकी, वेळ बदलून गुरुवार. ओवीची लस, शनिवारची गुरुवारी. पाण्याचं यंत्र, गुरुवार. पुढच्या गुरुवारी सोसायटीचा कीटकनाशक फवारा, कुणीतरी घरी हजर असणं आवश्यक. प्रत्येकासमोर बारीक अक्षरात एकच शेरा, ‘पोकळीच्या सूचनेनुसार. मंजुरी: मृणाल.’

भाजी नव्हतीच कधी.

यंत्राला त्यांना अडवायचं नव्हतं. त्याला फक्त एक पोकळी बुजवायची होती, आणि ती बुजवायचा सोपा मार्ग म्हणजे त्या बाईला घराबाहेर पडू न देणं.

रात्री निनादला फोन लावला तेव्हा त्याच्या मागे वारा घोंघावत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“तू ते बंद तर करच,” तो म्हणाला. “पण आईला आत्ताच नको सांगूस. द्राक्षाचा हंगाम जाऊ दे. ती गेली तर तू काय करणार आहेस?”

“तू काय करणार आहेस?”

“मी इथे आहे, मृणाल.”

“तेच म्हणतेय.”

तो बरोबरच बोलत होता, हीच पंचाईत होती. काहीच करायची गरज नव्हती. आईंचा नकार गेलेला होता, त्या चिडलेल्याही नव्हत्या. नुसते उपाय बंद करून गप्प बसलं असतं तर पुढचा गुरुवार त्यांना मोकळा मिळाला असता, त्यांना तो योगायोग वाटला असता, आणि घर चालू राहिलं असतं. मृणालच्या अंगात दुसरं काही करायची ताकदही नव्हती. तिनं उपाय बंद केले आणि ओवीच्या शेजारी आडवी झाली. झोप आली नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

सकाळी आई थालीपीठ थापत होत्या. ओवी ओट्याखाली डबे बडवत होती.

“आई, ते गुरुवारचं,” मृणाल म्हणाली. “ते मी केलं.”

“काय केलंस?”

तिनं सांगितलं. यंत्र, निकाल, दाबलेलं ‘हो’. अडखळत, पण सगळं. आईंचा हात थालीपिठावर तसाच राहिला.

“म्हणजे तो गॅसवाला?”

“हो.”

“आणि हिची लस?”

“ती पण.”

“मला वाटलं,” आई म्हणाल्या, “मला वाटलं, देवच सांगतोय, सुमन, पुरे झालं आता. मी त्याचं ऐकलं सुद्धा. कल्पनाला नाही म्हणून कळवलं.” आणि मग एकदम मैदानावरचा आवाज लागला, “मला विचारायला तोंड नव्हतं का तुला? एका घरात राहतो आपण! महिनाभर ते यंत्र माझ्या मागावर ठेवलंस, आणि एकदा समोर बसून म्हणाली नाहीस, आई, गुरुवारी कुठे जाता?”

“ते घरात लावलंय हे तुम्हाला सांगितलं होतं.”

“विजेचं काहीतरी आहे म्हणून सांगितलं होतंस!”

ओवी डबे बडवायची थांबली. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं.

“आधी लक्षातच आलं नाही. आणि काल कळलं तेव्हा घाबरले,” ती म्हणाली. “तुम्हाला विचारलं असतं, तर तुम्ही जाते म्हणाला असतात.”

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं. आईंनी ते उलटलं, गॅस बारीक केला, आणि विचारलं, “तुझा आकडा किती आला?”

“चार.”

मृणालला वाटलं, आता म्हणतील, यंत्राला काय कळतंय, तू आई आहेस तिची.

“मग बरोबर आहे,” आई म्हणाल्या. “निनादच्या वेळी माझा शून्य आला असता. सकाळी सातची शाळा, संध्याकाळी मैदान, सुट्टीत स्पर्धा. त्याला वाढवला माझ्या सासूनं. भिंतीसारखी बाई. सतरा वर्षं. आणि कुठे जायचंय का तुम्हाला, असं मी एकदासुद्धा विचारलं नाही तिला. कुठे जायचं असणार म्हाताऱ्या बाईला, असंच धरून चालले.” त्यांनी थालीपीठ ताटलीत काढलं. “मी जाणार आहे, मृणाल.”

“हो.”

“तुझं कसं होणार?”

“माहीत नाही.”

“हं.” ताटली तिच्यासमोर सरकली. “खा आधी. गरम आहे तोवर.”

पिंपळगावचा निकाल सोमवारी आला. तुषार सरांच्या टेबलासमोर उभं राहून मृणालनं तो दोनदा वाचला. शीतगृहाचा तंत्रज्ञ, मोठी पोकळी. मुकादम, मोठी. ट्रकवाले, मध्यम. आणि घड कापून, खराब मणी काढून, डबे भरणाऱ्या साठ बायका. साठच्या साठ, कळवावे.

“स्वच्छ निकाल आहे,” सर म्हणाले. “साठजणींना एक संदेश गेला की झालं. बुधवारी अहवाल देऊन टाकू.”

“सर, हंगामात त्या बायका रजाच घेत नाहीत. एक दिवस चुकला तर जागा जाते. जे माणूस कधी गैरहजरच राहत नाही, त्याची पोकळी येणार कुठून? आणि जे रोज ठरल्या वेळी नसतं, त्याच्या नसण्याची घराला सवय झालेली असते. दोघांचाही आकडा शून्याकडेच जातो. हा निकाल खोटा नाही, सर. पण यंत्राला जे दिसू शकतं तेवढाच तो आहे.”

“मग काय करायचं म्हणतेस? परत कांदा सोलत बसायचं?”

“आधी बोलायचं. तिथं जाऊन, बसून. नंतर कुणी राहून गेलं का ते बघायला पोकळी वापरायची. आपण उलटं करतोय. आधी मोजतो, मग मापाला भूमिका चिकटवतो. ज्याला विचारलं त्याची भूमिका वेगळी निघते, सर. मोजलं की माणूस नुसता धोका तरी ठरतो, नाहीतर शून्य.”

“घरी काही झालंय का?”

“झालंय. पण म्हणून ते चूक ठरत नाही.”

सर खुर्चीत मागे रेलले. ते वाईट नव्हते, फक्त बुधवार त्यांच्या मानगुटीवर बसला होता. “ग्राहकाकडून मी पंधरा दिवस मागून घेतो,” ते म्हणाले. “पण प्रकल्प अद्वैतच्या नावावर जाईल. पोकळी तो बघेल. तू बोलत बस.”

तिनं मान डोलावली. जागेवर येईपर्यंत तिला राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

आई रविवारी गेल्या. बूट, शिट्टी, दोन पिशव्या. रिक्षा वळेपर्यंत ओवी हात हलवत होती. मग दार लागलं आणि तिला कळलं. संध्याकाळपर्यंत ती त्या दारासमोर रडली. मृणालनं उचलली की पाठ ताठ करून तिच्या खांद्यावरून दाराकडेच बघायची. कवायतीच्या आवाजात भरवून पाहिलं, “तोंड उघड, शाबास,” तर ओवी क्षणभर थबकली आणि दुप्पट रडली. पोकळी बंद होती, पण आकडा काय आला असता ते सांगायला यंत्र लागत नव्हतं. परवीनभाभी भात घेऊन आल्या, तासभर बसल्या, आणि सकाळचं मात्र जमणार नाही म्हणाल्या; त्यांची स्वतःची नोकरी होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी मृणाल ओवीला कडेवर घेऊनच पिंपळगावला गेली.

जेवणाच्या सुट्टीत बायका शेडमध्ये गोल करून बसल्या होत्या. डोक्यावरच्या जाळीदार टोप्या काढून गुडघ्यांवर ठेवलेल्या, बोटं थंडीनं सुरकुतलेली. मुकादमानं त्यांना आधीच काहीतरी सांगून ठेवलं असावं.

“पाळी पहाटे चारची झाली तर तुमचं काय काय बदलेल?” मृणालनं विचारलं.

“चालंल की,” यमुना पवार नावाची एक थोराड बाई म्हणाली.

“चालंल,” शेजारची म्हणाली. मग तिच्या शेजारचीही.

मृणालनं दुसऱ्या शब्दांत विचारून पाहिलं. चालंल. बोलण्याचं हे तंत्र निवडलं म्हणून प्रकल्प हातचा गेला होता, आणि त्यातून निघत होता हा एक शब्द. इतक्यात ओवी सुरू झाली. मागे रेलून, मुठी आवळून, अनोळखी माणसाच्या हातात असल्यासारखी. मृणालनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, पाणी पुढे केलं, किल्ल्या वाजवल्या. बायका जेवायच्या थांबून बघत राहिल्या.

“लईच रडती,” यमुना म्हणाली. “हिची आई कुठंय?”

मृणालनं वर बघितलं. त्या बाईनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटलं होतं.

“मीच,” मृणाल म्हणाली. “कालपासून.”

मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि हसता हसता सगळ्याच हसल्या, मृणालसुद्धा, गालावरून ओघळणारं पाणी तसंच ठेवून. यमुनानं आपला डबा बाजूला सरकवून पटकुरावर जागा केली. मृणाल तिथं बसली. ओवी रडतच होती, पण आता तिची मूठ आईच्या कुडत्यात रुतली होती.

“कालपासून म्हंजे?”

“सासूबाई सांभाळायच्या. त्या गेल्या त्यांच्या कामाला. आता कसं करायचं मला माहीत नाही.”

यमुनानं डब्यातला भाकरीचा तुकडा ओवीपुढे धरला. मग विचारलं, “मग ताई, पहाटं चारला तुमी येशाल का हितं? हिला घिऊन?”

“नाही जमणार,” मृणाल म्हणाली.

“मग आमचं बी न्हाई जमत,” यमुना म्हणाली, आणि बाकीच्या एकदम बोलायला लागल्या.